नाडी नेफ्यात शिरली!

गॅदरिंगचा दिवस आहे. तुम्ही मावळा झाला आहात. मिशी काढून झाली, मुंडासं बांधून झालं. विंगेत उभं राहून लेंग्याची नाडी जरा आवळावी म्हणून ओढली, तर एक टोक हातात आणि दुसरं सुळकन नेफ्यात गायब! आता लढाई राहिली बाजूला. एका हाताने लेंगा धरायचा आणि दुसऱ्या हाताने नेफा चाचपत बसायचं, की पळालेलं टोक थांबलंय तरी कुठे. शेवटी कुणाची तरी आजी धावून येते. नाडीला सेफ्टीपिन टोचते आणि ती पिन नेफ्यातून पुढे सरकवत सरकवत दुसऱ्या तोंडाशी आणते. तोवर गड दुसऱ्याच मावळ्याने जिंकलेला असतो.

आज ज्या नाडीची गोष्ट सांगायची आहे ती लेंग्यातली नाही. वैद्यबुवा मनगट धरून बघतात ती नाडीही नव्हे. ही आहे तुमच्या बोटातली. तिलाही नेफा असतो, आणि कधीमधी तीही सुळकन आत पळते. ती पळाली की सगळे तिच्याच नावाने बोटं मोडतात, "तुटली वाटतं!" पण एक प्रकार असा आहे की त्यात तिचा बिचारीचा काही दोषच नसतो. खरा चोर लपलेला असतो हाडाच्या आत. त्याला धरायला जायचंय, पण त्याआधी हे मासिक मांडीवर ठेवा. दोन्ही हात मोकळे हवेत.

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग घट्ट धरा. आता उजव्या हाताची बोटं हवेत पेटी वाजवल्यासारखी हलवा. काय लागलं हाताला? कातडीखाली उंदीर वळवळल्यासारखं झालं ना? बोटं इकडे, मनगटाच्या अलीकडे, आणि वळवळ तिकडे, कोपराशी. कारण बोट वाकवणारा किंवा सरळ करणारा एकही स्नायू बोटात राहत नाही. काही छोटे स्नायू तळहातात आहेत, ते बोटं फाकवण्या-जुळवण्याची नाजूक कामं बघतात. पण मूठ वळायची, बादली उचलायची, फांदीला लोंबकळायचं, ही दणकट कामं कोपराखालच्या मंडळींची. ते बरंच आहे म्हणा. हे सगळे स्नायू बोटांतच भरले असते तर बोटं केळ्यांएवढी झाली असती. सुईत दोरा ओवणं सोडाच, नाकात बोट घालणंही जमलं नसतं.

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथली ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत आली आहेत. बाहुलीतला राजा हात उगारतो, मान डोलावतो, पण राजाच्या लाकडी दंडात कसलं बळ? बळ असतं वर दोऱ्या धरणाऱ्या माणसाच्या बोटांत. आणि मजा बघा, त्या माणसाची बोटं तरी कुठे स्वतःहून हलतात? त्यांनाही मनगटापलीकडून कुणीतरी दोऱ्या ओढूनच नाचवतं. 'एखाद्याला बोटावर नाचवणं' म्हणतात. आपलं बोट मात्र कोपराच्या तालावर नाचतं!

या दोऱ्यांचं नाव कंडरा. स्नायू जिथे संपतो तिथून कंडरा सुरू होते आणि हाडापर्यंत जाते. पांढरीशुभ्र, चकचकीत, चिवट. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे एकमेकांना चिकटून शेजारी शेजारी रचलेले, सुंभाच्या दोरात काथ्याचे धागे असतात तसे. घरी कोंबडी आणत असाल तर कापलेल्या पायातून बाहेर आलेली पांढरी दोरी कधी ओढून बघा. मेलेली कोंबडी टुणकन बोटं मिटते! (मी लहानपणी हा प्रयोग करून धाकट्या बहिणीला इतकी घाबरवली होती की दोन दिवस मला गोड खायला मिळालं नाही. तुमच्या जबाबदारीवर करा.)

आता नेफा. बोट वाकवणारी कंडरा बोटाच्या तळव्याकडच्या बाजूने, हाडाला बिलगून धावते. ती मोकळी सोडली असती तर मूठ वळताना धनुष्याच्या दोरीसारखी ताणून बाहेर आली असती. तसं होऊ नये म्हणून तिच्याभोवती एक बोगदा असतो आणि त्या बोगद्यावर जागोजागी पट्टे आवळलेले असतात. पाच रुंद, पक्के पट्टे आणि त्यांच्या अधेमधे तीन नाजूक, फुलीसारखे. गळाच्या काठीवर दोरा धरायला कड्या असतात ना, तेच काम. बोगद्यात तेलासारखा बुळबुळीत द्रव असतो, म्हणून दिवसभरात हजारो वेळा सरकूनही कंडरा सहसा झिजत नाही.

तर्जनीपासून करंगळीपर्यंत प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या कंडरा दोन. एक मधल्या पेरापर्यंत जाते, दुसरी थेट शेवटच्या पेराच्या बुडाशी. पेर म्हणजे उसाला असतं तसंच. अंगठ्याला दोन पेरं, बाकीच्यांना तीन, म्हणून एका हाताला १४. आता अडचण अशी की लांब जाणारी कंडरा हाडाच्या बाजूला, खाली आहे आणि आखूड कंडरा तिच्या वर. खालचीला पुढे जायचंय, तर वरची वाटेत. मग काय होतं? वरची कंडरा चक्क मधोमध चिरते, तिचे दोन पाय होतात आणि त्या पायांमधून खालची पुढे निघून जाते! लपाछपीत आपण मोठ्या माणसाच्या पायांतून पळतो तशी. पेत्रुस कांपर नावाच्या अठराव्या शतकातल्या डच शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ही जागा आजही ओळखली जाते.

या दोन दोऱ्या खरंच वेगळ्या आहेत का, ते तपासू या. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा. दुसऱ्या हाताने तर्जनी, अनामिका आणि करंगळी टेबलाला पक्की दाबून धरा. आता फक्त मधलं बोट वाकवा. मधल्या सांध्यात वाकलं? आता कुणाला तरी त्या बोटाचं टोक टिचकी मारून हलवायला सांगा. लुळं! शेवटचं पेर वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखं लटलट करतं, तुम्ही कितीही जोर लावा. कारण लांब कंडरांचे स्नायू कोपराखाली एकमेकांना चिकटलेले असतात, विशेषतः मधलं बोट, अनामिका आणि करंगळीचे. शेजाऱ्यांना तुम्ही धरून ठेवलंत की मधल्याचा लांब दोरही अडकतो. काम करतो तो एकटा आखूड दोर. तर्जनीचा लांब दोर जरा स्वतंत्र बाण्याचा आहे, म्हणून तिच्यात ही गंमत नीट जमत नाही. आणि करंगळीत पुष्कळांचा आखूड दोर इतका अशक्त असतो की ती वाकतच नाही. हाताची पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात ते असंही खरं आहे.

आता आपल्या चोराकडे.

समजा एक चिंगीताई आहे. अकरावीत शिकणारी, कबड्डी खेळणारी, पकडीत पटाईत. ही चिंगीताई मी मनाने रचली आहे, पण तिच्या बोटाला जे होणार आहे ते खऱ्या माणसांना झालेलं आहे. कबड्डीत, रग्बीत बोट कसं दुखावतं, ते डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. पकडणाऱ्याने चढाईवाल्याचा टी-शर्ट बोटांच्या टोकांनी पकडलेला असतो, बोट पूर्ण जोर लावून वाकलेलं असतं आणि तेवढ्यात समोरचा हिसडा मारून पळतो. वाकलेलं टोक झटक्यात सरळ केलं जातं आणि लांब कंडरा शेवटच्या पेराच्या बुडापासून उचकटून निघते. या दुखापतीला 'जर्सी फिंगर' असंच नाव आहे. चार वेळा झाली तर त्यातल्या साधारण तीन वेळा बळी जातो अनामिकेचा.

पण चिंगीताईला हे मैदानावर झालंच नाही. एवढी वर्षं खेळली, कधी काही नाही. झालं मंडईतून येताना. बटाट्यांची पिशवी, तिचे बंद बोटांच्या टोकांत अडकवलेले. रिक्षात चढताना पिशवीला जरासा हिसका बसला आणि अनामिकेत 'टक्' झालं. दुखलं, पण फार नाही. घरी येऊन बघते तर मूठ वळली की सगळी बोटं मिटतात आणि अनामिकेचं टोक तेवढं ताठ, वर्गात बोट वर करून उभ्या असलेल्या मुलासारखं. मधला सांधा वाकतोय. म्हणजे आखूड दोर शाबूत, लांब दोर गेला. आपण आत्ता टेबलावर हेच तर तपासलं!

डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पिशवीत बटाटे किती होते?"

"तीन किलो."

"फक्त?"

त्या 'फक्त'मध्येच सगळं रहस्य आहे. निरोगी कंडरा अशी फुसक्या कारणाने हार मानत नाही. मॅकमास्टर नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३३ साली प्रयोग करून दाखवलं होतं की चांगली कंडरा ओढून ओढून मधोमध तोडणं जवळजवळ अशक्य आहे. खूपच ओढलं तर स्नायू फाटतो, किंवा कंडरा जिथे हाडाला चिकटते ती जागा सुटते. दोर शाबूत राहतो, खुंटी निखळते. आणि तीन किलोला खुंटी निखळत असेल तर बघायचं कुठे? दोराकडे नाही. भिंतीकडे.

भिंत बघायला लागतो क्ष-किरणांचा फोटो. हे किरण जर्मनीतल्या व्युर्झबर्ग गावात विल्हेल्म रॉन्टजेन यांना १८९५च्या नोव्हेंबरात सापडले, आणि २२ डिसेंबरला त्यांनी जो प्रसिद्ध फोटो काढला तो होता त्यांच्या बायकोच्या, अ‍ॅना बर्था यांच्या हाताचा. बोटांची पेरं न्‌ पेरं दिसतात त्यात, आणि एका बोटात अंगठी. म्हणजे या शोधाचं बारसंच हाताच्या बोटांवर झालं. पण त्या फोटोत कंडरा शोधू नका. क्ष-किरणांना अडवतं ते हाडातलं कॅल्शियम, म्हणून हाड पांढरं उमटतं. कंडरेत तेवढं कॅल्शियम नसतं, ती अदृश्य राहते.

चिंगीताईच्या फोटोत अनामिकेचं शेवटचं पेर पांढरं असायला हवं होतं. ते कडेने पांढरं आणि मध्ये काळं होतं, अंड्याच्या टरफलासारखं. त्या काळ्या जागेत इकडेतिकडे लाह्या फुटाव्यात तसे बारीक पांढरे ठिपके. आणि मधल्या पेराच्या समोर, जिथे हाड असायचं काही कारण नाही तिथे, हाडाची एक इवलीशी कपची तरंगत होती. बडा घर, पोकळ वासा! भिंत आतून पोकळ होती. खुंटी ओढली गेली तेव्हा भिंतीचा गिलावाही तिच्याबरोबर आला.

या पोकळीत असतं काय? कूर्चा. नाकाचं टोक दाबून बघा, कान दुमडून बघा, ती लवचीक गोष्ट म्हणजे कूर्चा. आईच्या पोटात आपली बहुतेक हाडं आधी कूर्चेचीच बनतात आणि मग हळूहळू त्यांची जागा पक्कं हाड घेतं. लहान मुलांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी शिल्लक राहते. तिथे नवी कूर्चा तयार होते, तिचं हाड होतं, आणि तुमची उंची दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणांना मागे टाकत जाते. पण कधी कधी या कूर्चेच्या काही पेशी हाड व्हायचंच विसरतात. सगळा वर्ग वरच्या इयत्तेत गेला आणि चार-दोन पोरं मागच्या बाकावर खेळत बसली, तसं. त्या तिथेच, हाडाच्या आत, हळूहळू वाढत राहतात आणि भिंती आतून पातळ करत जातात. अशा गाठीला म्हणतात एन्कॉन्ड्रोमा. ग्रीक भाषेतलं नाव आहे. 'एन' म्हणजे आत, 'कॉन्ड्रोस' म्हणजे कूर्चा, आणि शेवटचं 'ओमा' म्हणजे गाठ.

गाठ म्हटलं की मोठी माणसं एकदम गप्प होतात. चिंगीताईची आईसुद्धा झाली. पण ही गाठ साधी. कर्करोगाची गाठ घर सोडून दुसरीकडे पसरते, ही आपल्या हाडाच्या खोलीतच बसून असते. हाताच्या हाडांत सापडणाऱ्या गाठींमध्ये हिचाच नंबर पहिला, आणि बोटातल्या एकुलत्या एन्कॉन्ड्रोमाचा पुढे कर्करोग होणं फारच विरळा. ती दुखत नाही, खुपत नाही. कित्येकांना जन्मभर तिचा पत्ता लागत नाही. बऱ्याचदा ती उघडकीला येते ती दुसऱ्याच कारणाने. बोट दारात चेमटलं म्हणून फोटो काढला आणि त्यात ही बाई बसलेली! किंवा चेंडू झेलताना एवढ्याशा धक्क्याने हाड मोडलं म्हणून.

मग कंडरा उचकटण्याची गोष्ट रोज का ऐकू येत नाही? कारण या गाठीला आवडतं बोटाचं पहिलं पेर, तळहाताला लागून असलेलं. लांब कंडरेची खुंटी आहे शेवटच्या पेरात, आणि तिथे ही गाठ क्वचितच बस्तान मांडते. मांडलं, आणि तेही नेमकं खुंटीच्या मागे, तरच चिंगीताईसारखी वेळ येते. दुर्मीळ आहे, पण आहे.

हाडाच्या गाठींत एक दुसरी जातही आहे. एन्कॉन्ड्रोमा आत लपतो, ही बाहेर डोकावते. ऑस्टिओकॉन्ड्रोमा. हाडाच्या कडेला फुटलेला कोंब, वर कूर्चेची टोपी, दिसायला अळंब्यासारखा. मूल वाढतं तोवर हा वाढतो, मुलाची वाढ थांबली की सहसा हाही थांबतो. गुडघ्याजवळ तो बऱ्याचदा सापडतो, बोटात कमी. पण बोटात, कंडरेच्या वाटेवरच उगवला तर? जुन्या विहिरींच्या काठावर दोरांनी पाडलेल्या खाचा पाहिल्या आहेत? रोज घासून घासून मऊ दोराने दगड कापलेला असतो. इथे उलटं होतं. दोर जिवंत आहे, पण दगडही वाढता आहे. मूठ वळली, उघडली, वळली, उघडली, प्रत्येक वेळी कंडरा त्या उंचवट्यावरून घसटत जाते. कधी बोट अडकतं आणि खटकन सुटतं. आणि फारच दुर्लक्ष झालं तर दोराचा एकेक धागा उसवत जाऊन एक दिवस तो तुटतो. इथे मॅकमास्टरचा नियम मोडला असं वाटेल, पण नाही. त्याने सांगितलं होतं निरोगी कंडरेबद्दल. ही तर झिजून सुतळी झालेली. थोडक्यात, एक गाठ खुंटी उपटते, दुसरी दोर कुरतडते, आणि दोन्ही वेळा दोर मात्र बदनाम.

चला परत नेफ्याकडे. चिंगीताईची कंडरा सुटली आणि मागे पळाली, कारण तिला ओढणारा स्नायू कोपराशी सतत ताणून बसलेला आहे. नुसतीच कंडरा सुटते तेव्हा ती थेट तळहातापर्यंत जाऊन लपते, तिचा रक्तपुरवठाही तुटतो, आणि आठवडा-दहा दिवसांत तिला परत आणली नाही तर आखडून बसते. पण चिंगीताईच्या कंडरेने पळताना भिंतीचा तुकडा बरोबर नेला होता ना, तो रुंद तुकडा नेफ्याच्या पट्ट्यात अडकला. चोरीचा माल खिडकीतून निघेना म्हणून चोर सापडावा, तसं झालं! मधल्या पेरासमोर तरंगणारी ती कपची म्हणजे कंडरेचं टोकच. कपची नसती तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून टोक शोधावं लागलं असतं. आणि ते खोल गेलेलं असतं तर डॉक्टर काय करतात माहीत आहे? आजीचीच युक्ती! एक मऊ, बारीक रबरी नळी बोटाच्या बाजूने बोगद्यात घालतात, ती तळहातात बाहेर काढतात, कंडरेचं टोक तिला टाक्याने बांधतात आणि नळी हळूच परत ओढतात. नळीमागे कंडरा येते, सगळ्या पट्ट्यांखालून, नेफ्यात नाडी ओवल्यासारखी. सेफ्टीपिन मात्र वापरत नाहीत.

नाडी बाहेर आली, पण बांधायची कुठे? भिंत पोकळ. म्हणून आधी भिंत दुरुस्त करायची. क्युरेट नावाचा इवलासा चमचा असतो, त्याने पोकळीतली कूर्चा खरवडून काढतात, नारळ खरवडतो तशी कडेकडेने. निघते ती निळसर पांढरी, वाळू मिसळलेल्या जेलीसारखी. ती फेकून देत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवतात, कारण 'साधी गाठ' हा शब्द नुसत्या फोटोवरून बोलायचा नसतो. मग पोकळीत हाडाचा भुगा भरतात. तो कमरेच्या किंवा मनगटाच्या हाडातून थोडासा काढलेला असतो, नाहीतर कॅल्शियमची तयार भुकटी असते. काही महिन्यांत तिथे पक्कं हाड तयार होतं.

आणि आता एका बटणाची गंमत. हाडात स्क्रूसारखी बारीक खुंटी ठोकून तिला कंडरा बांधण्याची पद्धत आहे, पण भुगा भरलेल्या भिंतीत खुंटी कितीशी धरणार? अशा वेळी जुनी युक्ती कामाला येते. कंडरेला टाका घालायचा, त्याची दोन्ही टोकं हाडातून आरपार ओवून नखातून बाहेर काढायची आणि नखावर एक बटण ठेवून त्यावर गाठ मारायची. होय, शर्टाला असतं तसंच बटण! सुमारे सहा आठवड्यांनी हाड आणि कंडरा एकमेकांना धरतात, मग टाका कापून बटण काढून टाकतात. स्टर्लिंग बनेल नावाच्या अमेरिकन सर्जनने असा ओढून काढता येणारा टाका प्रचारात आणला. हाताच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव फार मोठं.

नखावरून आठवलं. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या मोठ्या कंडरा १६ सांगितल्या आहेत, पैकी चार हातांत. आणि तिथे म्हटलंय की हातापायांच्या कंडरांना पुढे जे अंकुर फुटतात तीच नखं. आज आपल्याला माहीत आहे की नखं कातडीपासून बनतात, कंडरेपासून नाही. पण कंडरा बोटाच्या अगदी टोकापर्यंत, नखाच्या जवळ जाते हे त्या माणसाने हात उघडून पाहिल्याशिवाय कसं लिहिलं असेल? चिंगीताईच्या नखावरचं बटण बघून सुश्रुतांनी मान डोलावली असती असं मला उगाच वाटतं.

बांधताना एक मोह टाळावा लागतो. कंडरा चांगली घट्ट बसावी म्हणून ती जास्त पुढे ओढून आखूड करायची नाही. एक सेंटिमीटरहून जास्त आखूड झाली की भलतंच होतं. बिचाऱ्या शेजारच्या बोटांची मूठ पूर्ण वळेनाशी होते! आठवा, लांब कंडरांचे स्नायू एकमेकांना चिकटलेले. एक दोर आखूड पडला की तो आधी संपतो आणि बाकीच्यांनाही थांबावं लागतं. क्लोद व्हर्दां या स्विस सर्जनने १९६० साली याला रोमन लोकांच्या चार घोड्यांच्या रथाचं नाव दिलं. एक घोडा अडला की रथ अडला. म्हणून हल्ली काही ठिकाणी नुसता हात बधिर करून, रुग्णाला जागं ठेवूनच हे काम करतात. टाका घालून झाला की डॉक्टर म्हणतात, "हं, आता मूठ वळा बघू." आणि आपली कंडरा बोगद्यातून सरकताना सगळ्यांना दिसते. ज्याला बघवत नसेल त्याने छताकडे बघावं.

इतकं झाल्यावर प्लॅस्टर घालून महिनाभर गप्प बसायचं, असं वाटेल. पूर्वी तसंच करत. आणि मग दोर नेफ्याला आतून चिकटून बसे! दोन कंडरा एकाच अरुंद बोगद्यातून जातात त्या भागाला बनेल यांनी १९१८च्या सुमारास नाव दिलं होतं 'कुणाचीच नसलेली जमीन'. दोन सैन्यांच्या खंदकांमधल्या पट्ट्याला म्हणतात तसं. तिथे पाऊल टाकू नये, टाकलं तर खैर नाही. चित्र पालटलं ते १९६०च्या दशकात, अमेरिकेतल्या लुइव्हिलचे हॅरल्ड क्लाइनर्ट यांच्यामुळे. त्यांची युक्ती बघा. बोटाच्या नखाला एक रबरबँड लावायचा आणि त्याचं दुसरं टोक मनगटाशी अडकवायचं. वाकवण्याचं काम रबरबँड करतो, त्यामुळे शिवलेल्या कंडरेवर ताण येत नाही. सरळ करण्याचं काम तेवढं रुग्णाने करायचं. दोर सरकत राहतो, चिकटत नाही, तुटतही नाही. वह्यांना लावायच्या रबरबँडची जात, पण केवढी करामत! आता व्यायामाच्या आणखीही तऱ्हा निघाल्या आहेत, पण मंत्र तोच. हळू, पण हलत राहा. कंडरेत रक्तवाहिन्या कमी, म्हणून ती सावकाश भरून येते. चिंगीताईला बटाट्यांची पिशवी उचलायला तीनेक महिने थांबावं लागलं. कबड्डीला त्याहून जास्त.

आता समजा ती डॉक्टरांकडे गेलीच नसती, कंडरा आखडून गेली असती, नाहीतर अळंब्यासारख्या कोंबाने तिची सुतळी करून टाकली असती, तर नवा दोर आणायचा कुठून? त्याचीही सोय शरीराने करून ठेवली आहे. अंगठा आणि करंगळी यांची टोकं एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी तट्ट उभी राहिली? ती पामारिस नावाच्या स्नायूची कंडरा. ती काढून घेतली तरी हाताला फारसं कळतही नाही, म्हणून सर्जन तिला राखीव दोर समजतात आणि गरज पडली की बोटात ओवतात. कंडरांची अशी उसनवारी आपल्याकडे जुनी आहे. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला, स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत, कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं सरळ करायला एका कामावरच्या कंडरा दुसऱ्या कामाला लावल्या. जगभरचे डॉक्टर ते शिकायला येत.

मनगटावर दोरी नाही दिसली? घाबरू नका. साधारण १०० पैकी १५ जणांना ती नसतेच, आणि देशोदेशी हा आकडा बराच कमीजास्त होतो. काहींना एका हाताला असते, दुसऱ्याला नाही. आज जेवायला बसलात की ताटं वाढायच्या आत सगळ्यांना अंगठा-करंगळी जुळवायला लावा. आजोबांना, आत्याला, शेजारून दही मागायला आलेल्या काकूंनाही. माझ्या घरात मोजले तर सहा जणांत एकाला नव्हती, आणि तो एक जण नेमका मीच निघालो.